दाराच्या फटीतलं पोतं

हबीबभाई, तुमच्या नखांतला रंग काढायला थिनर मीच आणून दिलं. तुमच्या घरासमोर खुर्च्या टाकल्या होत्या, तिथं मी बसलो होतो. आत तुम्हाला शेवटची आंघोळ घालत होते. मध्येच तुमचे चुलतभाऊ बाहेर आले, इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्याजवळ वाकून म्हणाले, "नखातला रंग निघंना झालाय. पानी नखाला लागाया पायजे. तुमच्याकडं काय आसंल तर बघा." मी शेडवर गेलो, तुमच्या फळीवरची अर्धी बाटली घेतली आणि परत आलो. दर शुक्रवारी नमाजाला जायच्या आधी याच बाटलीतलं थिनर चिंधीवर घेऊन तुम्ही एकेक नख घासायचात, आणि मी म्हणायचो, भाई, आज नवरदेव झालात. त्या दिवशी बाटली आत गेली आणि थोड्या वेळानं तोच वास दारातून बाहेर आला. बसलेल्या दोघातिघांनी रुमाल नाकाला लावले. मला त्यांचा राग आला, आणि आपण राग धरायच्या लायकीचे नाही हेही त्याच वेळी कळलं.

कब्रस्तानात एकानं विचारलं, तुम्ही त्यांचे कोण? मला पटकन सांगता येईना. मित्र म्हणावं तर आपण एकमेकांच्या घरी सणावाराशिवाय कधी जेवलो नाही. भागीदार म्हणावं तर कागद कुठं केला होता? शेवटी म्हणालो, एकाच शेडमध्ये काम करतो. एकोणीस वर्षं अहमदपुरात, नांदेड रोडला, एका पत्र्याच्या शेडमध्ये. जुन्या पिकअप गाड्या लोक आपल्याकडं आणायचे. इंजिन करणारे गल्लोगल्ली आहेत, आपण आतलं करायचो. मी सीट, दाराचे पॅड, छताचं कापड. तुम्ही डॅशबोर्ड आणि दारावरच्या पट्ट्या. त्या गाड्यांना कंपनीतून येतानाच पत्र्यावर लाकडाचा छाप असायचा, आणि तो उडालेला, पोपडे आलेला छाप तुम्ही हातानं पुन्हा रंगवायचात. पत्र्यावर लाकूड काढणारा माणूस लातूर-नांदेड दोन्हीकडं मी दुसरा पाहिला नाही. मी तीन मुठी माती टाकली आणि बाजूला झालो. हात झटकताना लक्षात आलं की माझ्या मनगटाला कापसाचा एक तंतू चिकटलेला आहे. सकाळीच एक सीट उसवून आलो होतो.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा हातात एक पत्र्याची पेटी होती. मला वाटलं हा विमावाला. पेटीत निघाले ब्रश, स्कूटरच्या ट्यूबमधून कापलेल्या रबराच्या फण्या आणि कोंबडीची पिसं. मी हसलो होतो, तुम्हाला ते आठवत असे. तुम्ही माझ्या टेबलाचा मोडका पत्रा घेतलात, बिस्किटी रंगाचा हात दिलात, वाळल्यावर वर जवसाच्या तेलात कालवलेला तपकिरी रंग ओढलात, आणि तो ओला असतानाच फणी फिरवलीत. मग पिसाच्या टोकानं बारीक शिरा. मग चिंधी गुंडाळलेलं बूच टेकवून एक गाठ. शेजारच्या टायरवाल्यानं येऊन त्या पत्र्यावर टिचकी मारली, टण्ण आवाज आला, आणि तो हात मागे घेऊन माझ्याकडं बघतच राहिला. मी तेव्हाच तुम्हाला मागची खोली दिली.

तीच खोली. मी लिहायला बसलोय ते या खोलीपाशी यायलाच, उगीच पिसं आणि बुचं सांगत बसलोय.

दहा बाय बारा. मागं शेजाऱ्याची भिंत, त्यामुळं खिडकी नाही. वर पत्रा. हवा यायला एकच दार, आणि ते दार माझ्या हॉलमध्ये उघडायचं. हॉलमध्ये माझं शिलाईचं मशीन होतं, तिथंच मी जुन्या सीटा फाडायचो. त्यातून चाळीस-पन्नास वर्षांचा कापूस निघायचा, काथ्या निघायचा. मी तो झोडायचो, पिंजायचो, नवा भरायचो. आपल्याकडं उन्हाळ्यात वारा सुटला की सगळा तंतू उडत तुमच्या खोलीत. रेघा ओढून झाल्यावर तुम्ही फवाऱ्याच्या गननं लॅकरचा पारदर्शक थर मारायचात, आणि ओल्या लॅकरवर एक तंतू बसला की संपलं. तो आत गाडला जायचा, काचेखाली केस अडकावा तसा.

नांदेडच्या त्या सरदारजींची पिकअप तुम्हाला आठवत असेलच. ते न्यायला आले, आत बसले, डॅशबोर्डावरून बोट फिरवलं आणि एका जागी बोट थांबलं. ते हसले, चालतंय म्हणाले. तुम्ही मात्र गाडीची किल्ली त्यांच्या हातातून काढून घेतलीत आणि आठ दिवसांनी या म्हणालात. सगळं पाणी-पेपरनं घासून पुन्हा केलंत. त्या आठ दिवसांत तुम्ही माझ्याशी दोनदाच बोललात. दुसऱ्यांदाचं मला जसंच्या तसं पाठ आहे. "शिवाप्पा, तुझं मशीन आन् कापूस भायेरच्या पत्र्याखाली घी की बाबा. मग मला दार उघडं ठिवता यील."

बाहेर शेडच्या बाजूला उतरता पत्रा टाकलेला होताच. रिकामाच होता, मोटारसायकली लागायच्या. मी नाही म्हणालो. म्हणालो, बाहेर उन्हानं रेग्झिन ताणतं, शिवण धड येत नाही. म्हणालो, मशीन पायांना बोल्ट मारून फरशीत बसवलंय, ते उपटलं की त्याचा सूर बिघडेल. म्हणालो, पावसाळ्यात काय करू? सगळी कारणं खोटी नव्हती, म्हणून तर ती इतकी वर्षं टिकली. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. गाड्या हैदराबादेहून यायच्या, सोलापूरहून यायच्या, त्या तुमच्यासाठी यायच्या. सीट कुणीही शिवून देतो. आत शिरल्यावर पहिला माणूस मी दिसतो, मशीनवर बसलेला, एवढाच माझा मान होता. बाहेर पत्र्याखाली बसलो असतो तर मी रस्त्याकडेचा सीटकव्हरवाला झालो असतो. झालो असतो तर झालो असतो, हे आज लिहिताना किती सोपं आहे.

मग तोडगा मीच काढला. लॅकर मारायच्या वेळी दार लावायचं आणि खालच्या फटीला ओलं पोतं सारायचं. कल्पना मला इतकी आवडली की पोतं भिजवून आणणं, पिळणं आणि बाहेरून फटीत पायानं दाबणं, हे काम मी स्वतःकडं घेतलं. तुम्ही आतून म्हणायचात, "हाव, लाव." मी लावायचो. एकही तंतू त्यानंतर लॅकरमध्ये गेला नाही. मी दहा जणांना अभिमानानं सांगितलं असेल.

तुम्ही किती वेळ आत असायचात याचा हिशेब मी कधी धरला नाही. दार उघडून बाहेर यायचात तेव्हा डोळे लाल, आणि सरळ हापशावर जाऊन चुळा भरायचात. खोकला सुरू झाला तेव्हा मी तुम्हाला विड्या सोडा म्हणालो. तुम्ही विडी कधी ओढलीच नव्हती, आणि हे मला माहीत होतं. माणूस तोंडाला येईल ते कसं बोलतो बघा.

मी मास्क आणून दिला होता, हे मला तुमच्यापुढं ठेवायचं आहे. गोल डब्यांचा, चांगला, लातूरहून आणला होता. तुम्ही चार दिवस लावलात आणि खुंटीला अडकवलात. लॅकर कधी बसलं, दुसरा हात कधी द्यायचा, हे तुम्ही वासावरून ठरवायचात, आणि मास्कमधून वास येत नव्हता. आपलं त्यावरून भांडण झालं. मी म्हणालो, घड्याळ लावा, पंधरा मिनिटं मोजा. तुम्ही म्हणालात, थंडीतली पंधरा मिनिटं आणि मेमधली पंधरा मिनिटं एक असतात का? मी चिडून म्हणालो, मग मरा. हबीबभाई, मी म्हणालो होतो. तुम्ही हसला होतात, म्हणून मला वाटलं ते पुसलं गेलं.

आता लातूरचं. दोन वर्षांपूर्वी जिना चढताना तुम्ही बसायला लागलात, तेव्हा मी तुम्हाला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. घरी पाहुणे होते म्हणून भाभी आल्या नाहीत. डॉक्टर तरुण होता, नीट विचारत होता. काय काम करता, किती वर्षं, थिनर वापरता का, तोंडाला काही बांधता का. तुम्ही सगळं खरं सांगितलंत. मग त्यानं विचारलं, काम करता त्या खोलीला खिडक्या किती?

मी खाली फरशीकडं पाहायला लागलो. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत हे मला न बघता कळलं.

"हाय की साहेब," तुम्ही म्हणालात. "मोठी हाय. रस्त्याच्या बाजूला."

त्यानं ते लिहून घेतलं. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते. मी तुमची फाईल मांडीवर सरळ केली.

येताना चाकूरला चहा घेतला. तुम्ही हॉटेलच्या जुन्या टेबलावरची गाठ मला दाखवत होतात, सागाची गाठ कशी एका बाजूला रेघा दाबते आणि दुसऱ्या बाजूला सैल सोडते. तुम्हाला धाप लागत होती तरी तुम्ही गाठीचं सांगत होतात. लाकडाच्या वखारीतसुद्धा तुम्ही असंच करायचात, ताजी फळी रंधून मागायचात आणि तिच्यापुढं अर्धा तास बसायचात, वखारवाला वैतागायचा. चाकूरच्या त्या टेबलापाशी मी म्हणायला हवं होतं की भाई, उद्या मशीन बाहेर काढतो. शब्द ओठांवर आलेही होते. पण दोन तासांपूर्वी तुम्ही खोटं बोलून मला झाकलं होतं. आता मशीन हलवलं असतं तर ते कबूल केल्यासारखं झालं असतं, की हो, माझ्यामुळं. म्हणून मी म्हणालो, थोडे दिवस आराम करा. तुम्ही आठ दिवस आराम केलात आणि नवव्या दिवशी परत आलात. मी पोतं भिजवलं.

तुम्ही खोटं का बोललात? हे मला विचारायचं होतं, आणि रोज उद्यावर टाकलं. माझी लाज राखायला, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालतो. कधी वाटतं, तुम्ही मला ऐकवत होतात. खिडकी असती तर कशी असती, कुठल्या बाजूला असती, ते मला सांगत होतात. तुमच्या चेहऱ्यावरून तेव्हा काही कळलं नाही, कारण मी पाहिलंच नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मुदखेडच्या पाटलांची पिकअप शेडमध्ये उभी होती, अजून आहे. त्यांच्या वडिलांची गाडी, जिनिंगवर चालायची. डॅशबोर्डाची चालकाकडची बाजू तुम्ही पूर्ण केलीत, गाठीसकट. दुसऱ्या बाजूला नुसता बिस्किटी रंग. रेघा दहा-पंधरा दिवस वाळू द्यायच्या आणि मग लॅकर, असं ठरलं होतं. चौथ्या दिवशी भर दुपारी तुमच्या घरून फोन आला.

पाटलांचा फोन तिसऱ्या दिवसाच्या जियारतीनंतर आला. माणूस भला आहे, आधी तुमच्या घरच्यांची चौकशी केली, मग अडखळत म्हणाले की हैदराबादेत लाकडाचा स्टिकर मिळतो, तो पूर्ण डॅशबोर्डावर चिकटवून घेऊ का, शिवाप्पा, उगा तुम्हाला त्रास नको. मी इतक्या जोरात नाही म्हणालो की तेच घाबरले. नंतर समजावून सांगितलं. म्हणालो, अर्धं त्यांच्या हातचं आहे, ते राहू द्या, बाकीचं कोरं राहू द्या.  मग ते म्हणाले, "वडलांची गाडी हाय. राहू द्या मग तसंच."

पण तसंच राहणार नव्हतं. लॅकरशिवाय त्या रेघा म्हणजे पत्र्यावर ठेवलेला रंग. दोनदा फडकं फिरलं की गेला. तुमची शेवटची गाठ पाटलांच्या ड्रायव्हरनं एका उन्हाळ्यात पुसून टाकली असती. लॅकर मारायला हवं होतं, आणि मारणारा मीच उरलो होतो. गन मला चालवता येते, गोंद मारतो मी तिनं.

तीन आठवडे वाळू दिल्यावर डॅशबोर्ड सोडवून तुमच्या खोलीत नेला. सगळं तुमच्यासारखं करायचं ठरवलं. दार लावलं. पोतं भिजवलं आणि या वेळी आतून फटीत सारलं. गन नीट चालते का ते बघायला आधी एका जुन्या पत्र्यावर मारून पाहिलं. पहिला पट्टा, दुसरा पट्टा. तिसऱ्याला डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग खोकला सुटला. मी श्वास रोखून अजून एक मारला, आणि त्यानंतरचा श्वास घेतला तो घेतल्यासारखा वाटलाच नाही. मी पोत्याला अडखळत दार उघडून बाहेर पडलो आणि हापशापर्यंत धावलो. घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं झाली नव्हती. तुम्ही तिथं दोन-दोन हात मारायचात, मध्ये वास घेत उभे राहायचात, आणि बाहेर येऊन मला विचारायचात, चहा सांगितला का?

मी बाहेर बसून खोकत असतानाच भाभी आल्या. तुमच्या मागं त्यांची इद्दत चालू आहे, चार महिने दहा दिवस बाहेर पडायचं नव्हतं त्यांनी, पण मुलगी सोबत होती आणि बुरख्यात तोंड झाकलेलं होतं. त्यांना तुमचे ब्रश हवे होते. घरात तुमच्या वासाचं काही राहिलं नाही म्हणाल्या, कपडे सगळे धुवून टाकले. मी त्यांना खोलीपर्यंत नेलं. त्या आत गेल्या नाहीत. उंबऱ्यावर उभ्या राहून त्यांनी चारही भिंती पाहिल्या, वर पत्रा पाहिला. एकोणीस वर्षांत त्या पहिल्यांदाच इथं आल्या होत्या. मग खाली पाहिलं.

पोतं कशाला, असं त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. हबीबभाई, मी सगळं सांगितलं. कापूस, तंतू, सरदारजी, दार, पोतं मी बाहेरून लावायचो ते, तुम्ही मशीन बाहेर काढ म्हणत होतात ते, मी नाही म्हणत होतो ते. लातूरची खिडकीसुद्धा सांगितली. तुम्ही जे झाकलं होतं ते मी तुमच्या बायकोपुढं उघडं केलं, आणि ते बरोबर केलं की नाही हे मला आजही कळत नाही. मला वाटलं त्या मला शिव्या देतील. मला त्या हव्या होत्या. किंवा म्हणतील, जाऊ द्या भय्या, अल्लाची मर्जी. तेही हवं होतं.

त्यांनी वळून हॉलमध्ये माझ्या मशीनकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंच माहीत करून घ्यायचं असावं तसं त्यांनी विचारलं.

"मशीन भौत भारी है क्या, भय्या?"

 मुलीनं ब्रशांची पेटी उचलली आणि त्या दोघी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टायरवाल्याला हाक मारली. त्याची दोन माणसं आली, रसवंतीवाला आला. मी पान्यानं चार बोल्ट सोडले. एक गंजला होता, त्यावर तेल सोडलं, निघाला. चौघांनी मशीन उचललं आणि बाजूच्या पत्र्याखाली नेऊन ठेवलं. कापसाची पोती मी एकट्यानं नेली. मशीनच्या मोटारीची वायर लांबवली. सुईत दोरा घालून चिंधीवर शिवण मारून पाहिली, सूर बिघडला नव्हता. हॉल झाडला, पाणी शिंपडलं. मग तुमच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवून, खाली दगड लावून, मी लॅकरचा पहिला हात मारला. वारा समोरून येत होता. मी तुमच्यासारखा वास घेऊन बघितला, मला काही कळलं नाही, म्हणून घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबलो आणि दुसरा हात दिला. संध्याकाळी उजेडाकडं तोंड करून डॅशबोर्ड तपासला. गाठीच्या एका बाजूला रेघा दाबलेल्या आहेत, दुसऱ्या बाजूला सैल आहेत. त्यात एकही तंतू नाही.

तुमचा चाळिसावा होईल तेव्हा मी भाभींकडं जाणार आहे. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे आता, आणि ते तुम्हाला आधी सांगायला हवं, कारण विचारत तुम्ही होतात. जड नव्हतं, हबीबभाई. गंजलेल्या बोल्टासकट सगळं मिळून वीस मिनिटं लागली.